कोर्टकचेरीत कोण कोणाचं काम करतं: वकील, नोटरी, सरकारी वकील आणि इतरांची जबाबदारी नेमकी काय

नोटरी केलेला भाडेकरार, बँकेच्या वकिलाने 'क्लिअर' म्हटलेला फ्लॅट आणि सरकारी वकिलाच्या भरवशावर सोडलेली फिर्याद. या तीन ठिकाणी माणसाला हमखास ठेच लागते, आणि तिन्हींत चूक एकच असते. समोरचा माणूस नेमकं कोणतं काम करतो आणि ते कोणासाठी करतो, हे आधी विचारलेलं नसतं. पुढची माहिती भारतातल्या कायद्यांप्रमाणे आणि महाराष्ट्रातला पक्षकार डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे.

तुमचा वकील

कायद्याची पदवी मिळाली म्हणजे माणूस वकील होत नाही. अधिवक्ता अधिनियम १९६१ प्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलच्या नामावलीत ज्याचं नाव आहे, म्हणजे ज्याच्याकडे सनद आहे, त्यालाच कोर्टात वकिली करता येते. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. आपल्याकडे ही नोंद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल ठेवते. सनद क्रमांक विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही; तो वकीलपत्रावर लिहिलेलाच असतो. सनदेशिवाय वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे 'साहेबांकडे कामाला आहे, मीच बघतो तुमची केस' असं कोणी म्हटलं, तर त्याच्या साहेबांनाच भेटा.

वकील तुमच्या वतीने उभा राहतो तो वकीलपत्रामुळे. हा कागद न वाचता सही करणारे बरेच असतात, म्हणून त्यात काय पाहायचं ते सांगतो. कोर्टाचं नाव आणि दोन्ही पक्षांची नावं भरलेली असावीत, आणि दाव्याला क्रमांक पडला असेल तर तोही. कोऱ्या वकीलपत्रावर सही देऊ नका. छापील नमुन्यात तडजोड करणे, दावा काढून घेणे, कोर्टात जमा झालेली रक्कम उचलणे असे अधिकार एका दमात देऊन टाकलेले असतात. नको असलेलं कलम खोडून शेजारी सही करता येते. पैसे उचलण्याचा अधिकार तरी विचार करूनच द्या. तडजोडीच्या कागदावर स्वतः सही केल्याशिवाय ती मान्य नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेलं बरं. सही झाल्यावर वकीलपत्राचा फोटो काढून घ्या.

फीच्या बाबतीत बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम स्पष्ट आहेत. निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत किंवा जमिनीत वाटा मागता येत नाही. 'जिंकलो तर वीस टक्के' हा करार मुळातच नियमाविरुद्ध आहे. वकिलाला जाहिरात करायलाही मनाई आहे. म्हणून खात्रीशीर निकालाची जाहिरात दिसली, तर तिथेच नियम मोडला गेला आहे असं समजा. फी ठरवताना चार गोष्टी वेगळ्या विचारा: वकिलाची फी, कोर्ट फी, कागदपत्रं-टायपिंग-नकलांचा खर्च, आणि वरिष्ठ वकील नेमावा लागला तर त्याची फी. फी पूर्ण कामाची की प्रत्येक तारखेची, आणि त्यात अपील धरलं आहे का, हेही लिहून घ्या. भांडण बहुतेक इथेच होतं. पक्षकाराकडून घेतलेल्या पैशांचा हिशेब ठेवणं आणि मागितल्यावर त्याची प्रत देणं हे वकिलाचं कर्तव्य आहे.

तुम्ही वकिलाला जे सांगता ते त्याला तुमच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. केस संपल्यावरही तो लागू राहतो आणि वकिलाच्या कारकुनालाही बांधतो. पुढे करायच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागितला तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. सोबत आलेल्या मेहुण्याला किंवा शेजाऱ्याला हा नियम लागू नाही, म्हणून नाजूक गोष्ट बोलायची असेल तेव्हा एकट्याने भेटा. आणि वकिलापासून काही लपवू नका. आधीची नोटीस, जुनी तडजोड, भावाला लिहून दिलेली चिठ्ठी असं काही असेल तर ते उलटतपासणीत बाहेर येतं, आणि तेव्हा वकिलाच्या हातात काही उरत नाही.

वकिलाचं कर्तव्य फक्त तुमच्याशी नाही, कोर्टाशीही आहे. खोटं माहीत असताना ते प्रतिज्ञापत्रात लिहून देणं, साक्षीदाराला पढवून उभा करणं, तुमच्याविरुद्ध जाणारा कागद दडवणं हे त्याने करायचं नसतं. अशा गोष्टीला नकार देणारा वकील तुमच्या विरोधात नाही. एकदा तुम्हाला सल्ला दिलेला वकील त्याच वादात विरुद्ध पक्षाकडून उभा राहू शकत नाही. ज्या प्रकरणात तो स्वतः साक्षीदार होण्याची शक्यता आहे, ते प्रकरणही त्याने घ्यायचं नसतं. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून वकिलाची सही घेताना हे लक्षात ठेवा: पुढे वाद झाला तर तोच वकील तुमच्या घरच्यांची केस चालवू शकणार नाही.

तारखा सांभाळणं हे वकिलाचं काम, पण ते पूर्ण त्याच्यावर टाकू नका. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि आधीचे आदेश दिसतात. आठवड्यातून एकदा पाहायची सवय ठेवा. तुमच्या गैरहजेरीत दावा निकाली निघाला किंवा एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घेण्याची मुदत साधारण ३० दिवसांची असते, आणि बातमी कळेपर्यंतच ती निघून जाते.

वकील बदलायचा असेल तर आधीच्याची 'ना हरकत' घेण्याची रीत आहे. तो देत नसेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नवं वकीलपत्र दाखल करता येतं. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं, की पक्षकाराच्या कागदांवर वकिलाला धारणाधिकार नाही. फी वसूल करायचे मार्ग वेगळे आहेत. हा निकाल माहीत नसल्यामुळे लोक महिनोन्महिने मूळ खरेदीखतासाठी खेटे घालतात. त्याहून बरं म्हणजे मुळात मूळ कागद देऊच नयेत. सत्यप्रती द्या, मूळ कागद साक्षीच्या दिवशी घेऊन जा, आणि द्यावेच लागले तर यादी करून पोच घ्या.

वरिष्ठ वकील म्हणजे नुसता वयाने मोठा वकील नव्हे. हा दर्जा उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय देतं. त्यांना वकीलपत्र दाखल करता येत नाही आणि पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही. तुमचा नेहमीचा वकीलच त्यांना काम सोपवतो, म्हणजे फी दोघांची पडते. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करण्याचा अधिकार फक्त 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड'ला असतो. त्यासाठी त्या न्यायालयाची वेगळी परीक्षा असते आणि न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत कार्यालय लागतं. गावाकडचा वकील 'दिल्लीचं मीच बघतो' म्हणाला, तर रेकॉर्डवर कोणाचं नाव जाणार ते विचारा. मुंबईत 'सॉलिसिटर' हा शब्द अजून ऐकू येतो. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पूर्वी सॉलिसिटर प्रकरण तयार करायचा आणि दुसरा वकील ते कोर्टात मांडायचा; ही दुहेरी पद्धत १९७६ च्या दुरुस्तीने गेली. आजचा सॉलिसिटर हा सनदधारक वकीलच असतो, त्याने बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा दिलेली असते इतकंच.

नोटरी आणि दुय्यम निबंधक

सर्वात जास्त नुकसान इथल्या गोंधळातून होतं, म्हणून इथे जरा थांबू.

नोटरीची नेमणूक नोटरी अधिनियम १९५२ खाली केंद्र किंवा राज्य सरकार करतं. त्याचं मुख्य काम म्हणजे अमुक माणसाने अमुक दिवशी माझ्यासमोर सही केली, किंवा ही प्रत मुळाशी ताडून पाहिली, असा दाखला देणं. कागदात लिहिलेलं खरं आहे, विकणारा खरोखर मालक आहे किंवा करार कायद्याने चालेल, असं त्या शिक्क्यातून निघत नाही. नोटरीकडे जाताना सही न करता कागद न्या आणि ओळखपत्र मूळ न्या. सही त्याच्यासमोर करा. त्याच्या नोंदवहीतही तुमची सही होते. अनुक्रमांक कागदावर आणि वहीत सारखा आहे ना ते पाहा. शिक्क्यावर नाव, कार्यक्षेत्र आणि नोंदणी क्रमांक असतो. व्यवसायाच्या प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते, ती संपलेली नाही हेही बघून घ्या. सही करणारा हजर नसताना मारलेला शिक्का पुढे उलटतपासणीत टिकत नाही, कारण वहीत त्याची सहीच सापडत नाही. नोटरीला लग्न लावण्याचा किंवा घटस्फोट देण्याचा अधिकार नाही. 'नोटरी करून फारकत घेतली' अशा समजुतीत दुसरं लग्न करणारा माणूस थेट फौजदारी प्रकरणात सापडतो.

स्थावर मालमत्तेचा कागद दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयातल्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावा लागतो. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क देणारा कागद नोंदवणं सक्तीचं आहे, आणि बक्षीसपत्राला तर किमतीची अटही नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत कागद हजर करायचा. उशीर झाला तर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून नोंदवता येतो, आणि दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. नोंदणी नसलेल्या खरेदीखताने मालकी मिळत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर 'विकलेली' जागाही विकली जात नाही. सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे ठामपणे सांगितलं. मृत्युपत्राची नोंदणी मात्र ऐच्छिक आहे. त्याला नोटरीही लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. ते साक्षीदार मृत्युपत्राने काही मिळणाऱ्यांपैकी नसावेत आणि शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण साक्ष द्यायची वेळ वीस वर्षांनीही येऊ शकते.

घर भाड्याने देताना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ बघा. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार हे याला उत्तर नाही.

आता दुसरी अर्धी गोष्ट, जी कमी जणांना माहीत असते. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क, हजर माणसांची ओळख, साक्षीदार, फोटो आणि अंगठे पाहतो. विकणाऱ्याची मालकी शुद्ध आहे की नाही याचा निवाडा तो करत नाही. तो शोध तुम्ही नेमलेल्या वकिलाने घ्यायचा असतो. साधारण ३० वर्षांचे व्यवहार सूची क्रमांक २ मधून (नोंदणी कार्यालयातली नोंदवलेल्या व्यवहारांची यादी) काढायचे, सातबारा किंवा मिळकतपत्रिका आणि त्यावरचे फेरफार जुळवायचे, वारस कोण आहेत आणि बोजा आहे का ते बघायचं, मग अहवाल लिहायचा. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, म्हणून नुसता तो पाहून दिलेला 'टायटल क्लिअर'चा दाखला अपुरा आहे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच पाहतो, आणि त्याचा अहवालही बँकेला जातो. बिल्डरच्या वकिलाचं प्रमाणपत्र बिल्डरने पैसे देऊन घेतलेलं असतं. दोन्ही वाचा, पण स्वतःचा वकील नेमण्याचा खर्च वाचवू नका. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीत हीच काटकसर महागात पडते.

फौजदारी प्रकरणात

फिर्याद पोलिसांनी नोंदवली की खटला सरकारचा होतो. सरकारी वकील राज्याच्या वतीने उभा असतो, फिर्यादीच्या वतीने नाही. त्याचं कर्तव्य कसंही करून शिक्षा मिळवणं हे नसून सत्य कोर्टापुढे ठेवणं आहे. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाताशी असेल तर तोही त्याने दडवायचा नसतो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता आणि सत्र न्यायालयात सरकारी वकील किंवा अतिरिक्त सरकारी वकील काम पाहतो. तपास पोलिसांचा. सरकारी वकिलाच्या हातात दोषारोपपत्र येतं, आणि तुमच्या घरातल्या कपाटातले कागद त्यात नसतील तर ते त्याला माहीतही नसतात.

म्हणून फिर्यादीने काय करावं? तपास चालू असतानाच कागद, फोटो, चॅट, वैद्यकीय दाखले पोलिसांना लेखी पत्राबरोबर द्या आणि पोच घ्या. साक्षीचं समन्स आलं की तारखेच्या आधी सरकारी वकिलाला भेटा आणि पोलिसांनी घेतलेला आपला जबाब वाचायला मागा. दोन-तीन वर्षांनी साक्ष देताना तारीख-वेळ चुकते, आणि उलटतपासणीत तीच विसंगती मोठी करून दाखवली जाते. पीडित व्यक्तीला स्वतःचा वकील नेमता येतो, पण सरकारी वकिलाला मदत करण्यापुरताच. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने तो लेखी युक्तिवाद देऊ शकतो. खटल्याची सूत्रं त्याच्या हातात येत नाहीत, त्यामुळे साक्षीदार तोच तपासणार या अपेक्षेने फी देऊ नका.

आरोपीच्या बाजूने पाहिलं तर अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यानही वकिलाला भेटता येतं, मात्र चौकशीच्या पूर्ण वेळ तो शेजारी बसू शकत नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावंच लागतं. तिथे वकील नसेल तर न्यायाधीशांना तसं स्पष्ट सांगा. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तिथेच मिळू शकतो.

मोफत वकील कोणाला

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीत असलेले, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे आणि मोठ्या आपत्तीचे बळी यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट अजून घरोघरी पोचलेली नाही. ती पोचायला हवी.

तालुका कोर्टात विधी सेवा समिती आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. साध्या कागदावर अर्ज चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी लिहून घेतात. ओळखपत्र, गटाचा पुरावा किंवा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र, आणि केसचे असतील ते कागद न्या. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्चही या मदतीत येतो. नेमून दिलेल्या वकिलाने तुमच्याकडून वेगळी फी मागायची नसते.

कोर्टातले इतर लोक

वकिलाचा कारकून कागद दाखल करतो, तारखा लिहून घेतो, नकलांचे अर्ज देतो. कायदेशीर सल्ला देणं हे त्याचं काम नाही. बेलिफ समन्स बजावतो. त्याला टाळू नका आणि समन्स नाकारू नका: नाकारलं तरी ते बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं, दाराला चिकटवताही येतं, आणि दिवाणी दाव्यात कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देण्याची ३० दिवसांची मुदत (कोर्टाने वाढवली तर ९० पर्यंत) तुमच्या माहितीशिवाय चालू होते. समन्स घेताना त्यावर तारीख घालून सही करा आणि सोबतचे कागद मोजून घ्या. पोटगी, ठेव, हुकूमनाम्याची रक्कम नाझराकडे (कोर्टातल्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) भरून पावती घ्यायची. तोंडी 'जमा केले' याला अर्थ नाही. निकालाची प्रमाणित नक्कल निकालाच्याच दिवशी मागा. नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, पण अर्ज करण्याआधी दवडलेले दिवस वगळले जात नाहीत.

मध्यस्थ निर्णय देत नाही, तो दोघांना एकत्र बसवतो. तिथे बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, म्हणून मोकळेपणाने बोला. लवादाचा, म्हणजे वाद सोडवायला नेमलेल्या पंचाचा, निवाडा मात्र बंधनकारक असतो. लोकअदालतीतली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. घाईने सही करून नंतर पस्तावण्याची जागा हीच आहे, तेव्हा आकडा आणि हप्त्यांच्या तारखा स्वतः वाचा. ग्राहक आयोगात तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, परवानगी घ्यावी लागते.

काम नीट झालं नाही तर

वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ ला वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर असल्याचा निकाल दिला. गैरवर्तणुकीची तक्रार अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे करायची. केस हरणं ही गैरवर्तणूक नाही. पैसे घेऊन दावा दाखल न करणं, खोट्या तारखा सांगणं, विरुद्ध पक्षाशी संधान बांधणं, कागद किंवा रक्कम परत न देणं ही आहे. तक्रारीला वकीलपत्राची प्रत, फीच्या पावत्या किंवा बँकेची नोंद, संदेश आणि कोर्टाच्या रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या नोंदीची) नक्कल जोडा. खोट्या तारखांच्या बाबतीत रोजनाम्याएवढा बोलका कागद दुसरा नाही. शिस्तपालन समिती ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द असा आदेश देऊ शकते. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येतं. नोटरीविरुद्धची तक्रार त्याला नेमणाऱ्या सरकारकडे जाते, आणि मोफत मिळालेल्या वकिलाबद्दलची तक्रार ज्या प्राधिकरणाने तो दिला त्याच्या सचिवांकडे. दुसरा वकील मागून घेण्याचा अर्जही तिथेच द्यायचा.